बारडोलीची चौकशी आणि रक्ताची परीक्षा

सुरत जिल्ह्यातील बारडोलीचे नाव निघाले की १९२८ सालचा साराबंदीचा लढा आणि त्या लढ्यात वल्लभभाईंना लाभलेली ‘सरदार’ ही पदवी आपणांस आठवते. त्या लढ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. एखाद्या गावाविषयी माहिती गोळा करावयाची, तर त्या गावास विचारावयाचे की नाही? सरकारने कागदोपत्री जुळविलेल्या आकड्यांच्या आधारे सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला होता. शेतकऱ्यांची तक्रार अशी की, बांधावर न येताच हे आकडे लिहिले गेले. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल ह्या अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन चौकशी केली, तेव्हा खंडाचे ते आकडे भरवशाचे नसल्याचे ठरले आणि वाढ ६ टक्क्यांच्या आसपास उतरली.

तथापि हा लढा खातेदारांचा होता. त्याच शेतांत राबणारे दुबळा जमातीचे अनेक मजूर लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी ‘हाळी’ म्हणून धन्याशी जखडलेले होते. ‘दुबळा’ ह्या हिणविणाऱ्या नावाऐवजी गांधीमार्गी कार्यकर्त्यांनी त्यांना ‘हळपती’, म्हणजे नांगराचा धनी, असे नाव दिले. ‘काळीपरज’ म्हटले जाणारे आदिवासी ‘रानीपरज’ झाले. नावाला मान आला, परंतु साऱ्याच्या चौकशीत ज्यांच्या नावे खातेच नव्हते त्यांना कोण विचारणार?

ह्याच दक्षिण गुजरातेच्या आदिवासी रक्ताकडे पुढे शास्त्रज्ञांची दृष्टी वळली. १९५२ साली लेहमन व कटबुश ह्यांना निलगिरीतील आदिवासींत सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकविणारा, आनुवंशिक गुण आढळला. १९५६ साली सुकुमारन, संघवी व व्यास ह्यांनी पश्चिम भारतातील काही जमातींत त्याची नोंद केली. १९६२ साली गुजरातच्या जमातींच्या रक्तगटांचा विस्तृत अभ्यासही प्रसिद्ध झाला. हा गुण एकाच पालकाकडून आला तर माणूस केवळ वाहक असतो, धडधाकट जगतो, आणि हिवतापापासून त्यास काहीसे संरक्षणही मिळते. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते.

असे ज्ञान परत समाजाच्या कामी कसे येते, ह्याचे उत्तम उदाहरण मुंबईचेच आहे. १९५२ साली भेंडे, देशपांडे व भाटिया ह्यांनी लंडनच्या संशोधकांसह ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला. तो गट असलेल्या रुग्णास साधे ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही; त्या गटाचेच द्यावे लागते. ह्या शोधाने पुढे अनेकांचे प्राण वाचले. उलट बाजूही विसरू नये. खानोलकर व संघवी ह्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांचा जो अभ्यास १९५० च्या सुमारास प्रसिद्ध केला, तो ज्या इंग्रजी नियतकालिकात आला त्याच्या नावातच ‘सुप्रजनन’ हा शब्द होता. त्या शब्दाच्या आडून युरोपात केवढा संहार झाला हे उघड झाल्यावर १९५४ मध्ये ते नाव बदलण्यात आले. आपल्या संशोधकांना आम्ही दोष देत नाही. परंतु निर्मळ हेतूने गोळा केलेले आकडे कोणत्या घरी जाऊन बसतील, हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही, एवढे मात्र खरे.

न्यूरेंबर्ग येथे १९४७ साली आणि हेलसिंकी येथे १९६४ साली जगाने नियम केला की, माणसावर प्रयोग करावयाचा तर त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी. आपल्या वैद्यक संशोधन परिषदेने १९८० पासून तशी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. तरीही २००९ साली गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात व आंध्रात खम्मम येथे, एका अमेरिकी संस्थेच्या सहयोगाने दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचली गेली. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. सात मुली दगावल्या. ते मृत्यू बहुधा लसीमुळे नव्हते, असे चौकशीत ठरले. पण खम्मममध्ये कित्येक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वा शाळेच्या प्रमुखांच्या सह्या निघाल्या. २०१० साली काम थांबले आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले.

आज प्रश्न अधिकच नाजूक झाला आहे. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. त्याच वर्षी ह्या रोगावरील जनुकोपचारास अमेरिकेत मान्यता मिळाली; त्याची किंमत रुग्णामागे २२ लाख डॉलर! ज्यांच्या रक्तावरून जग शिकले, त्यांच्या झोपडीत हा उपचार केव्हा पोहोचणार? शिवाय तपासणीचे पत्रक पत्रिकेसारखे लग्नाच्या बैठकीत ठेवले गेले आणि ‘वाहक’ म्हणून एखाद्या निरोगी मुलीस नाकारले, तर ज्ञानाचे पाप कोणाच्या माथी? दोन वाहकांनी आपण होऊन विचारपूर्वक निर्णय घ्यावा, ह्यासाठी हे ज्ञान आहे. कोणाला डागण्यासाठी नव्हे. आपल्या लहान, आपसांतच सोयरीक जुळविणाऱ्या समाजांनाही हा प्रश्न परका नाही.

आपल्याकडे देवळाचा चिरा हलवावयाचा तरी देवाचा कौल घेतल्यावाचून कोणी हात लावीत नाही. देव डावा कौल देईल, ही शक्यता मान्य करूनच आपण विचारतो. नकाराची मोकळीक नसेल तर विचारणे हा केवळ उपचार ठरेल. देवळाच्या कारभारात महाजनांनी बोलावे. परंतु दुसऱ्याच्या लेकराच्या रक्तावर सही करण्याची मुखत्यारी कोणाही महाजनास नाही. बारडोलीने सरकारास एकदा हे शिकविले होते की, न विचारता केलेली चौकशी ती चौकशीच नव्हे. त्या वेळी ज्या हळपतीला कोणी विचारले नाही, त्याच्या दारी आज सुई घेऊन जाणाऱ्याने आधी कौल मागावा, आणि तो डावा आल्यास मुकाट्याने परत फिरावे.