पत्र आल्यानंतरचे पंधरा दिवस

गेल्या डिसेंबरात बीडला गेले होते. मावसबहिणीच्या पलंगावर सामानाची लांबलचक यादी, नवे बूट, दोन कुलपं आणि कोरी ट्रंक. तिच्या लेकीला एनडीएचं पत्र आलं होतं आणि खडकवासल्याला हजर व्हायला पंधरा दिवस उरले होते. भाऊजी बाँडचा कागद तिसऱ्यांदा वाचत होते. मुलीनं योग्य कारणाशिवाय मध्येच सोडलं, तर झालेला खर्च सरकारला परत करायचा! पोरीला त्याचं काही नव्हतं. ती मला हळूच म्हणाली, "मावशी, मला पोहता येत नाही गं."

परतताना एसटीत विचार करत होते. ट्रंक भरायला पंधरा दिवस पुरतात, पण बीडच्या पोरीच्या हातात ते पत्र पडायला किती वर्षं लागली?

१९१८ मध्ये इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात तिथूनच १९२६ साली अधिकारी झाले. पण त्या काळी पत्र आल्यावर पहिली तयारी पैशांची असे. बोटीचं भाडं, फी, कपडे, सगळं वडिलांच्या खिशातून. म्हणजे मुलाच्या हुशारीइतकीच घरच्या ऐपतीचीही परीक्षा.

बीड तर तेव्हा निजामाच्या राज्यात. माध्यमिक शिक्षण उर्दूतून. १ जानेवारी १९४९ ला डेहराडूनला तिन्ही दलांच्या मुलांचं एकत्र प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा पोलीस कारवाईला जेमतेम साडेतीन महिने झाले होते आणि बीडवर लष्करी गव्हर्नर जनरल चौधरींचा अंमल होता. १९५५ च्या जानेवारीत एनडीए खडकवासल्याला आली. अंतरानं जवळ आली खरी, पण बीड अजून हैदराबाद राज्यातच होतं.

एनडीएत प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं, हा मोठाच फरक. पालकांकडे उरतो हातखर्च आणि असाच किरकोळ खर्च, आणि उत्पन्न कमी असेल तर त्यालाही मदत मिळू शकते. पण निवडीपर्यंत पोचायचं कसं? १९६१ मध्ये साताऱ्याला सैनिक शाळा निघाली. आमच्या बाजूला खरी पायरी आली ती १९७७ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला. राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था, सगळे तिला एसपीआय म्हणतात. दहावीनंतर दोन वर्षं राहायचं, अकरावी-बारावीबरोबर लेखी परीक्षेची आणि मुलाखतीची तयारी करायची. बीडहून सव्वाशे किलोमीटर. पण ती मुलांसाठी! मुलींना एनडीएचं दारच बंद होतं. ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे २०२१ मध्ये उघडलं. मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये आत गेली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी बाहेर पडल्या. नाशिकला मुलींसाठी वेगळी एसपीआय २०२३ मध्ये सुरू झाली.

आता एक आकडा सांगते, तो माझ्या डोक्यातून जात नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. राज्यात सगळ्यात कमी. एनडीएला वय लागतं साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे दार उघडलं ते नेमकं याच मुलींसाठी. ज्या मोजणीत कमी भरल्या, त्यातलीच ही एक, ट्रंकेला कुलूप लावून बघत होती.

डिसेंबरात आमच्याकडची कितीतरी गावं ऊसतोडीला गेलेली असतात. तशा एखाद्या घरी हे पत्र आलं, तर बाँडवर सही करायला बापाला फडावरून यावं लागेल. भाऊजी घरी होते, कागद तीनदा वाचायला त्यांना सवड होती. सगळ्यांना ती नसते.

असो. पोहायचं तिथे शिकवतात, असं मी तिला सांगितलं होतं. तिला ते पटलं नसावं. चार दिवसांनी फोन केला तर मावसबहीण म्हणाली, "शेतावर गेलीय आजोबांबरोबर. पाठीला डबा बांधून विहिरीत उतरवलीय त्यांनी. पाणी गार आहे म्हणून ओरडतेय, पण वर यायला तयार नाही!"