मुरूडच्या देवळातला वाचक

१८७५ साली रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या मुरूड गावातून काही मुलं पायी साताऱ्याला निघाली. सरकारी नोकरीसाठी लागणारी मराठी सहावीची परीक्षा तिथे व्हायची होती. पावसाळ्याचे दिवस, कुंभार्ली घाटाची चढण आणि शंभर मैलांहून जास्त वाट. त्या मुलांत धोंडो केशव कर्वे होते. ते वेळेत पोहोचलेही. पण सतरा वर्षांचे दिसत नाहीत, असं म्हणून परीक्षा मंडळाने त्यांना बसू दिलं नाही. अंगकाठी लहान होती, एवढंच कारण. पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या केंद्रावर ते परीक्षेला बसले आणि पास झाले.

कर्व्यांच्या आत्मचरित्रातला हा प्रसंग कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, तो जिद्दीची गोष्ट म्हणून. पण त्या वर्षांत कर्वे मुरूडमध्ये आणखीही एक काम करत होते आणि त्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. शाळेतल्या सोमण गुरुजींच्या सांगण्यावरून हा शाळकरी मुलगा दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांच्यापर्यंत मुंबई-पुण्याच्या बातम्या त्याच्या आवाजातून पोहोचायच्या. वाचन, उच्चार, समज, चार माणसांसमोर उभं राहण्याचा धीर, सगळं त्या एका कामात होतं. साताऱ्याच्या मंडळाला यातलं काहीच विचारायचं नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि वयाचा अंदाज बांधला.

शाळेचा एक टप्पा संपून दुसरा सुरू होतो तेव्हा मुलाच्या हाती काय असावं, या प्रश्नाचं रत्नागिरी जिल्ह्यातलं उत्तर दीर्घकाळ एकच राहिलं: बाहेरून आलेल्या परीक्षकाचा शिक्का. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि पुढे मॅट्रिक ही सगळ्यात मोठी वेस ठरली. कर्वेही मुंबईच्या रॉबर्ट मनी स्कूलमधून १८८१ मध्ये ती ओलांडून गेले. त्यांच्यासारख्या मुलांना गाव सोडावं लागे ते याच वेशीसाठी. १८८६ मध्ये कर्व्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला, गावाबाहेर पडलेल्या मिळवत्या माणसांना आपल्या कमाईतला वाटा गावासाठी द्यायला लावला आणि पुढे मुरूडला इंग्रजी शाळा निघाली. देवळात वाचणाऱ्या मुलाचं काम मोठेपणी असं वाढलं. परीक्षेच्या कागदावर त्याची नोंद कधीच नव्हती.

मॅट्रिक होणं ही तेव्हा घरापुरती गोष्ट नसे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, त्या भीमराव आंबेडकरांनी १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ती परीक्षा पास केली, तेव्हा मुंबईत त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. अध्यक्ष समाजसुधारक सीताराम केशव बोले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या तरुणाच्या हाती ठेवलं. ज्या समाजातल्या मुलांना वर्गातही वेगळं बसवलं जाई, त्यातल्या एकाने मॅट्रिकची पायरी चढणं ही सगळ्यांची घटना होती. त्या पुस्तकाने पुढे काय केलं, हे सर्वांना ठाऊक आहे.

परीक्षेला खरा पर्याय मांडला गेला तो मात्र १९३७ नंतर, आणि मांडणाऱ्यांत रत्नागिरीत जन्मलेला एक माणूस पुढे होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींच्या कल्पनेतून आणि झाकिर हुसेन समितीच्या आराखड्यातून नई तालीम आकाराला आली. टकळीवरचं सूत, बागकाम, सुतारकाम यांतूनच गणित, भाषा, भूगोल शिकवायचा, ही तिची रीत. रत्नागिरीत जन्मलेला तो माणूस म्हणजे त्याच वर्षी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झालेले बाळासाहेब खेर; ते शिक्षण खातंही सांभाळत होते. मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने ही योजना तपासायला समिती नेमली, तिचे अध्यक्षही खेरच.

खेर समितीच्या दोन शिफारशी आज वाचल्या तरी थांबून विचार करावासा वाटतो. मुलाला मूलोद्योगी, म्हणजे नई तालीमच्या, शाळेतून दुसऱ्या प्रकारच्या शाळेत जायचं असेल तर ते पाचवी इयत्तेनंतर, साधारण अकराव्या वर्षी, जाता यावं. आणि अभ्यासक्रम संपताना बाहेरची परीक्षा असू नये. शाळेनेच आतून पारख करून शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र द्यावं. ज्या शिक्षकाने मुलाला वर्षानुवर्षं काम करताना पाहिलं, त्याचाच शब्द पुढच्या शाळेत चालावा, असा त्याचा अर्थ. टप्पा ओलांडण्याची इतकी माणुसकीची व्यवस्था त्याआधी या प्रांतात कुणी कागदावर उतरवली नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

ही व्यवस्था फार टिकली नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं पायउतार झाली. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळा निघाल्या, पण पालकांना हवी होती मॅट्रिक आणि मॅट्रिकनंतरची नोकरी. कोकणातून मुंबईच्या गिरणीत, कचेरीत मुलगा चिकटला की घराला मनीऑर्डर सुरू होई. त्या घरांना दोष देण्यात अर्थ नाही.

मुलांच्या स्वतःच्या कामाला जागा मिळाली ती परीक्षेच्या बाहेर, हस्तलिखितात. दापोलीतल्या पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहात ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. मराठी शाळांतून वार्षिक हस्तलिखिताची चाल खोलवर रुजली. अक्षर सुंदर असलेली मुलगी लेख उतरवून काढणार, चित्रकला येणारा मुखपृष्ठ रंगवणार, कविता करणारा चार ओळी देणार. एकच प्रत तयार व्हायची आणि ती शाळेच्या कपाटात राहायची. शाळा सोडून जाणाऱ्यांच्या मागे उरणारं त्यांचं सर्वात खरं चिन्ह तेच होतं. निरोप समारंभातली भाषणं विरून जातात, हस्तलिखितातलं अक्षर वीस वर्षांनीही ओळखू येतं.

१९७५ मध्ये अकरावीची जुनी मॅट्रिक संपून दहावीची परीक्षा आली. पुढे रत्नागिरीला कोकण विभागीय मंडळाचं मुख्यालय झालं आणि दहावी-बारावीच्या निकालात हा विभाग राज्यात वर्षानुवर्षं पहिला येत राहिला. या यशाचा जिल्ह्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. दरम्यान शिक्षणहक्क कायद्यानंतर पहिली ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्प आणि उपक्रम शिरले. जगात इतरत्र, आंतरराष्ट्रीय बॅकॅलॉरिएटच्या शाळांत, मधल्या टप्प्याच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थी स्वतः निवडलेला वैयक्तिक प्रकल्प पूर्ण करून मांडतो. आपल्याकडे मात्र प्रकल्प बहुतेकदा दुकानातून आणलेल्या चित्रांच्या वहीत अडकतो.

रत्नागिरीच्या मुलाला विषय शोधायला दूर जावं लागत नाही. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातलं एखादं चित्र मोजून, रेखाटून, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आठवीच्या पोराने चार माणसांसमोर मांडावं, एवढं साधं काम आहे. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोय सांगितलेली आहे. हे दहा दिवस आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून गावापलीकडच्या हायस्कुलात जाण्याची वेळ जवळजवळ एकच. त्या वेळी मुलाच्या हाती जो दाखला पडतो, त्यात जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण यांना रकाने आहेत. मुलाने स्वतः काय केलं, यासाठी रकाना नाही. खेर समितीचं काम पुढे न्यायचं असेल तर तो एक रकाना वाढवून सुरुवात करता येईल.