मारबत

मारबत : नागपुरात भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिरवून शहराबाहेर जाळली जाणारी स्त्रीरूप प्रतिमा; तसेच त्या नावाचा उत्सव. विदर्भात या दिवसाला कर किंवा पाडवा म्हणतात.

मूळ विधी खेड्यापाड्यांतला. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले ते गोळा करून, रोगराई, खोकला, डास घेऊन जाण्याची मारबतीला हाक देत शिवेबाहेर टाकतात. पेरणी-डवरणीची कामे उरकलेली आणि हिवताप-हगवण जोरावर, अशा दिवसांतला हा विधी. ऋतूशी असलेले हे नाते उत्सवाच्या वर्णनांत फार कमी येते; वास्तविक तेच त्याचे मूळ आहे.

शहरात दोन मारबती प्रमुख. काळी मारबत सर्वसाधारणपणे १८८१ पासून, तर जागनाथ बुधवारीतील तऱ्हाने तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे मानतात. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, कापड आणि रंग. मिरवणुकीआधी भाविक पूजा करतात. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते.

काळी मारबत म्हणजे नागपूरच्या राजघराण्यातील, इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसले, असे सांगितले जाते. मात्र बाकाबाई १८५८ मध्ये वारल्या आणि मारबत त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी निघाली. शिवाय १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर राजघराण्यातील स्त्रियांनी दत्तकाच्या हक्कासाठी दाद मागितली होती, राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात गेले होते. ही बाजू कथेत येत नाही. दुसऱ्या समजुतीनुसार मारबत म्हणजे पूतना. रोग घालवणाऱ्या जुन्या प्रतिमेला राजकीय अर्थ मागाहून चिकटला असावा.

बडग्या : मारबतीबरोबर निघणारा पुरुष पुतळा, महागाई, भ्रष्टाचार अशा चालू विषयांवर.

साधर्म्य : ऋतूंशी जोडलेले सण इतरत्रही आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडात जेरल्ड गार्डनर यांच्यामुळे पुढे आलेल्या विका पंथाच्या वर्षचक्रात आठ सण आहेत : चार अयन-विषुवांचे, चार त्यांच्या मधले. ऑगस्टारंभीचा लुनासा हा कापणीचा सण. आपल्याकडे तेव्हा पीक शेतात उभे असते. विकाचे सण सूर्याच्या गतीला बांधलेले, मारबत चांद्र तिथीला. अधिक जवळची वाटते ती पोलंडमधील मार्झाना : हिवाळा सरताना जाळली किंवा बुडवली जाणारी गवताची बाहुली.

तान्हा पोळा : याच दिवशी मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा (खाऊ किंवा पैसे) मागतात. प्रथेचे श्रेय दुसऱ्या रघुजी भोसल्यांना (कारकीर्द १७८८–१८१६) दिले जाते. मारबतीची वाट जुन्या शहरातली. त्यामुळे प्रतापनगर, खामला या दक्षिण-पश्चिमेकडील वसाहतींत कर म्हणजे मुख्यतः तान्हा पोळाच.