चाळीस उंट, १०८ आणि अणदूर

वैद्यकाच्या इतिहासावर बोलणं निघालं की आपल्या मजलिशीत अल-जहरावी आणि इब्न सिना यांची नावं हमखास येतात. सेल्जुक सुलतान महमूदच्या फौजेसोबत चाळीस उंटांवर लादलेला फिरता दवाखाना होता, ही १२व्या शतकातली हकीकतही कुणीतरी सांगतं. मला त्या हकीकतीतले उंट महत्त्वाचे वाटतात. रुग्णाची वाट न पाहता दवाखान्यानंच त्याच्याकडे जायचं, ही कल्पना त्यांच्या पाठीवर होती. आमच्या मुलखात ती कशी आली, हे अणदूरच्या वाटेनं पाहता येतं.

अणदूर तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर भागातली दगडमातीची जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार लोक गेले. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. खेड्यांत फोन तुरळक, मोबाइल नव्हतेच. लष्कर आणि डॉक्टर येईपर्यंत ढिगारे उपसले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातांनी.

त्याच वर्षी डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणदूरमध्ये हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे ‘भारतवैद्य’. गावातलीच बाई निवडायची, तिला आरोग्याचं शिक्षण द्यायचं आणि गावातच ठेवायची. डॉक्टर गावात राहायला तयार नसेल, तर निदान ज्ञान तरी राहावं!

जानेवारी २०१४मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात जातो आणि जीपीएसवर जवळची गाडी शोधली जाते. आरंभी ९३७ गाड्या होत्या. पैकी २३३ व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या प्रगत, बाकी ७०४ साध्या. २३३ला जिल्ह्यांच्या संख्येनं भागून पाहा, वाट्याला सहा-सात येतात. बाळंतीण रक्तस्रावानं फिकी पडत असेल, तर तिला वेळ मिनिटांतच मोजावा लागतो. गाडी येईपर्यंत तिच्याजवळ कोण आहे, हे जीपीएस सांगत नाही.

कोरोनात यंत्र थेट उंबऱ्यावर आलं. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकं ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात शोधलेलं हे तंत्र, एकेकाळी शस्त्रक्रियागृहातलं, आता बोटावरची चिमटी झालं होतं. दम लागण्याआधीच घसरलेला प्राणवायू त्यातून कळायचा. पण त्याच डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवलं की कृष्णवर्णीय रुग्णांतली ऑक्सिजनची कमतरता ते गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा हुकवतं. त्वचेतून जाणारा प्रकाश मोजणारं यंत्र. गडद त्वचेवर त्याचा हिशेब चुकतो. आमच्या उन्हातान्हात रापलेल्या शेतमजुरांच्या बोटांवर ते किती चुकलं असेल, हा प्रश्न मला सुटत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं त्याआधीच मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ जोडून श्वास मोजायचं साधन बनवलं होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तान्ह्याला न्यूमोनिया असेल, तर मण्यांवरून समजतं. त्याला बॅटरी लागत नाही आणि रंगही कळत नाही.