सुडाची लांबी

सोनगीर हे आग्रा रस्त्यावरचे, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात ओळखले जाणारे गाव. येथे एका रात्री आम्ही मित्रमंडळींनी स्टीव्हन स्पीलबर्गचा 'म्युनिक' (२००५) पाहिला. लांबी १६४ मिनिटे. चित्रपट संपताच दोन तट पडले. एकाचे म्हणणे, अर्धा तास सहज कापता आला असता. दुसऱ्याचे म्हणणे, तो कापला असता तर सांगायचे तेच राहून गेले असते. वाद मिटला नाही. परंतु त्या निमित्ताने आम्हांस आपल्याकडील एक तारीख आठवली.

२२ जून १८९७. प्लेगच्या बंदोबस्तासाठी साताऱ्याहून आणलेल्या रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी पुण्यात घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, देवघरेही सोडली नाहीत. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. मागच्या गाडीतील आयर्स्ट बाळकृष्णांच्या गोळीने जागीच ठार झाला. सूड घ्यायचा होता तो रँडचा. तो ३ जुलैला मरण पावला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, झडत्यांची मोहीम मे महिन्यातच थांबली होती. म्हणजे ज्या जुलमाचा हा सूड, तो जुलूम सूड घेण्याआधीच ओसरला होता.

कथा येथे संपवली तर ती छान थरारकथा होते. इतिहासात मात्र ती येथून सुरू झाली. सरकारने वीस हजारांचे इनाम लावले. पुण्यावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च नागरिकांच्या माथी मारला. नातू बंधूंना खटल्याविना डांबले, आणि 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. द्रविड बंधूंच्या खबरीवरून दामोदर सापडले. १८ एप्रिल १८९८ रोजी ते फासावर गेले. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी धाकट्या वासुदेवाने महादेव रानडे यांच्यासह द्रविडांना गोळ्या घातल्या. मग मे महिन्यात ८, १० आणि १२ तारखेला वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण फासावर चढले. एका घरातले तिन्ही भाऊ गेले. गोळी झाडायला काही क्षण लागले. त्यांची किंमत फिटायला जवळजवळ तेवीस महिने.

नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ साली यावर चित्रपट काढला तेव्हा त्याला ना नायकाचे नाव दिले, ना घोषणेचे. दिली फक्त ती तारीख, '२२ जून १८९७'. आमच्या मते यात मोठा विवेक आहे. तारखेला जयजयकार करता येत नाही. तिच्याकडे मागेपुढे पाहावे लागते. आणि मागे पाहिले की अडचणीच्याही गोष्टी दिसतात. दामोदरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात इंग्रजांइतकाच सुधारकांवरचा रागही आहे. त्यांचे धैर्य त्यामुळे उणे होत नाही, पण त्यांना सरळ पोस्टरवरचा वीर करणेही कठीण होते.

'म्युनिक'चेही असेच आहे. पहिला खून रोममध्ये होतो, तेव्हा प्रेक्षक श्वास रोखून असतो. पुढे पॅरिस, सायप्रस, बैरूत, लंडन. प्रत्येक खुनागणिक थरार कमी होतो आणि मनावरचे ओझे वाढते. शेवटी पथकाचा प्रमुख स्वतःच्याच खोलीत गादी फाडून बॉम्ब शोधू लागतो. ही पुनरुक्ती कंटाळवाणी आहे, ही तक्रार खरी आहे. पण सूड म्हणजेच पुनरुक्ती, हे दाखवायचे तर ती प्रेक्षकालाही सोसावी लागते.

तेव्हा लांबीचा प्रश्न मिनिटांचा नाही. ती मिनिटे कोठे खर्च केली, हा आहे. तीन तासांतले अडीच तास गोळीबारात आणि पाच मिनिटे फासावर, असा हिशोब असेल तर पात्रांनी तोंडाने शांततेचे कितीही दाखले दिले तरी चित्रपटाचा संदेश 'मारा' हाच राहतो. याउलट चापेकरांच्या आईबापांच्या घरातील रिकाम्या जागांना पाच मिनिटे दिली, तर एकही उपदेश न करता बरेच कळते.

आमचा जो मित्र कात्री चालवायला निघाला होता, त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "मग कोणता अर्धा तास कापू?" आम्ही म्हणालो, गोळीबाराचा. तो हसला, पण चित्रपट पुन्हा पाहू या, असेही म्हणाला.