पेपर सुटल्यावर : कार्ल्सरुहे, १८६०

आजचा भाग बारावीच्या केमिस्ट्रीच्या पेपरपासून सुरू करतो, मग तिथून थेट जर्मनीत जाऊ.

पेपर अवघड होता. सेंटरच्या गेटबाहेर, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ आमचं नेहमीचं सुरू झालं, ‘तुझं काय आलं?’ एका गणितात आधी ७.१ ग्रॅम क्लोरीन वायू म्हणजे किती मोल, हे काढायचं होतं. माझं आलं ०.२, मित्राचं ०.१. म्हणजे पुढची उत्तरंही जुळेनात. मी वर्गातला हुशार मुलगा, आवाजही मोठा. म्हटलं, ‘अरे, क्लोरीनचा अणुभार ३५.५, भाग दे ना साधा!’ दोघातिघांनी माझी री ओढली. तो गप्प झाला, रस अर्धा टाकून घरी गेला.

संध्याकाळी पुस्तक उघडलं. क्लोरीन वायूच्या रेणूत दोन अणू. भाग ७१ ने द्यायचा. त्याचं बरोबर होतं. मी फोन करायला हवा होता. नाही केला, लाज वाटली. दोन दिवसांनी गणिताचा पेपर होता आणि तो त्याला वाईट गेला.

आता बघा, अणू की रेणू हा घोळ एकेकाळी युरोपातले भलेभले केमिस्ट घालत होते. तेही जवळपास पन्नास वर्षं.

ऑक्सिजनचा भार ८ धरला की पाणी होतं एचओ. १६ धरला की एचटूओ. कार्बन कोणाचा ६, कोणाचा १२. प्रयोग तेच, वजनं तीच, उत्तरं वेगळी. ऑगस्ट केकुलेने १८६१ च्या आपल्या पुस्तकात ॲसिटिक ॲसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, तेव्हा चालणारी १९ सूत्रं मांडली. एका पदार्थाची १९! आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक टीमचं कॉन्फिग वेगळं. शिकणाऱ्या पोरांचे काय हाल होत असतील!

खरं तर उत्तर १८११ मध्येच आलं होतं. इटलीच्या आवोगाद्रोने सांगितलं होतं की तापमान आणि दाब सारखा असेल, तर कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. आणि एकाच मूलद्रव्याचे दोन अणू मिळूनही रेणू होऊ शकतो. पण त्या काळात स्वीडनच्या बर्झेलियसचा शब्द मोठा. त्याच्या मते अणू जुळतात ते विरुद्ध विद्युतभारामुळे. मग क्लोरीनला क्लोरीन कसा चिकटेल? विषय मागे पडला. आवोगाद्रो १८५६ मध्ये वारला.

शेवटी केकुले, पॅरिसचा वुर्त्झ आणि कार्ल्सरुहेचा वेल्त्सिन यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. ३ ते ५ सप्टेंबर १८६०, कार्ल्सरुहे. सव्वाशेहून जास्त केमिस्ट जमले. रसायनशास्त्राची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. मला तर ते सगळे गेटबाहेर उभे राहून ‘तुझं काय आलं?’ विचारताना दिसतात.

तिथे इटलीहून आला होता स्तानिस्लाओ कान्नित्सारो, वय ३४. याने १८५८ मध्ये एक छोटं पत्रक छापलं होतं. विद्यार्थ्यांना आपण काय क्रमाने शिकवतो, त्याचा तो आराखडा. युक्ती इतकी साधी की वाटतं, कोणाला सुचली कशी नाही? वायूची घनता हायड्रोजनच्या किती पट, ते मोजा. त्याची दुप्पट म्हणजे रेणूचा भार. मग त्यात आपलं मूलद्रव्य किती वजनाचं, ते बघा. कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये कार्बन १२. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये १२. मिथेनच्या १६ मध्ये १२. इथिलीनच्या २८ मध्ये २४. कुठेही ६ नाही. मग अणू १२ चाच.

आणि आमचा क्लोरीन? वायूचा रेणू ७१ चा, पण हायड्रोजन क्लोराइडच्या ३६.५ मध्ये क्लोरीन फक्त ३५.५. म्हणजे ७१ चे दोन तुकडे होतात. झालं की! हे आम्हाला पुस्तकात असं का नाही सांगितलं? नुसतं ‘सीएल-टू’ पाठ करायला लावलं.

कान्नित्सारो जीव तोडून बोलला. पण मतदानाने काही ठरलं नाही, परिषद तशीच संपली. निघताना त्याचा मित्र पावेसी याने ते पत्रक लोकांच्या हातात दिलं. लोथार मायर नावाच्या तरुण जर्मनाने ते खिशात घातलं, परतीच्या वाटेवर वाचलं, घरी पुन्हा वाचलं आणि त्याच्या सगळ्या शंका फिटल्या. १८६४ मध्ये त्याने याच अणुभारांवर पुस्तक लिहिलं. परिषदेत २६ वर्षांचा एक रशियनही होता, मेंडेलीव्ह. अणुभारच चुकीचे असते तर मूलद्रव्यं ओळीने लावणार कशी? त्याची आवर्त सारणी आली १८६९ मध्ये.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी त्या मित्राला स्क्रिप्ट पाठवली. गेटबाहेरचं आणि फोन न केल्याचंही. इतक्या वर्षांत आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. त्याचा सहा सेकंदांचा व्हॉइस नोट आला : ‘मला त्याच रात्री कळलं होतं रे. तू फोन करशील म्हणून वाट बघत होतो.’