दुष्परिणाम नजरेस पडावेत म्हणून

औषधाने रुग्णाच्या यकृताला इजा केली का, हे ठरवताना डॉक्टरांपुढे असतो तो कागदांचा गठ्ठा: तारखा, रक्ततपासण्यांचे आकडे, मध्येच बदललेल्या गोळ्या. एकेक आकडा बरोबर असूनही त्यांच्यातला संबंध निसटतो. तो डोळ्यांना दिसेल असा मांडणे, हे औषधांचे दुष्परिणाम आलेखांतून दाखवणाऱ्या या अभ्यासक्षेत्राचे काम. त्यात नव्याने येणाऱ्या वाचकाचे, मग तो वैद्यकातला असो की संख्याशास्त्रातला, मनापासून स्वागत.

सुरुवात ‘ई-डिश’ या आलेखापासून करावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन सीनियर आणि टेड गुओ यांनी तो घडवला. औषधचाचणीतला प्रत्येक रुग्ण इथे एक ठिपका असतो. आडव्या अक्षावर त्याच्या एएलटीची, म्हणजे यकृतपेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या विकराची, सर्वोच्च पातळी; उभ्या अक्षावर काविळीत वाढणाऱ्या बिलिरुबिन या पित्तरंजकाची. दोन्ही सामान्य कमाल मर्यादेच्या किती पट, या मापाने. एएलटीच्या ३ पटींवर आणि बिलिरुबिनच्या २ पटींवर रेषा ओढल्या की उजवीकडचा वरचा चौकोन वेगळा होतो. औषधामुळे यकृतपेशींना इजा होऊन कावीळही झाली, तर अशा रुग्णांपैकी सुमारे १० टक्के दगावतात, हे हायमन झिमरमन यांचे निरीक्षण त्या चौकोनामागे आहे. हजारो ठिपक्यांतले दोन-तीन तिथे असले, तरी नजर थांबते. सरासरीच्या तक्त्यात तेच रुग्ण बुडून गेले असते.

मात्र ठिपका म्हणजे निदान नव्हे. पित्तनलिकेत अडकलेला खडा किंवा विषाणूजन्य कावीळही रुग्णाला त्याच चौकोनात नेते. शिवाय दोन्ही सर्वोच्च पातळ्या वेगवेगळ्या आठवड्यांतल्या असू शकतात, आणि हा आलेख वेळ दाखवतच नाही. म्हणून ठिपक्यामागची कालरेषा उघडावी लागते. माझ्या मते या क्षेत्राचा खरा कणा तीच.

आपल्याकडे क्षयरोगाच्या उपचारात तिची गरज रोजची आहे. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला इजा करू शकतात, आणि ती एकत्रच सुरू होतात. इजा दिसली की औषधे थांबवतात, एएलटी उतरल्यावर एकेक करून पुन्हा देतात. कोणते औषध दिल्यावर पातळी पुन्हा चढली, हे औषधांच्या पट्ट्या आणि एएलटीचे आकडे एकाखाली एक मांडल्यावर चटकन कळते.

इथे रेखाटनाचा प्रामाणिकपणाही जपायला हवा. दोन तपासण्यांत पंधरा दिवसांचे अंतर असेल, तर त्यांना जोडणारी सरळ रेघ कोणीच न तपासलेले दिवसही भरून टाकते. तिथे ठिपके सुटेच ठेवावेत.